'नाका बंद करणे' की 'नाका उठवणे'?

प्रश्न असा आहे : 'सेल सायकल चेकपॉइंट इनहिबिटर' याचं भाषांतर 'पेशीचक्रातले नाके बंद करणारी औषधं' असं केलं, आणि 'त्यामुळे ट्यूमर केमोथेरपीला अधिक संवेदनशील होतो' असं पुढे लिहिलं, तर चालेल का?

'नाका' शब्द फार चांगला सापडला आहे, तो ठेवाच. 'बंद' मात्र काढा, त्याने अर्थ उलटा होतो.

पेशीचक्र म्हणजे पेशी वाढून विभागण्याचा क्रम. पेशी विभागण्याआधी तिच्या डीएनएला इजा झाली असेल, तर ती मुख्यतः दोन ठिकाणी थांबते : डीएनएची प्रत काढायला घेण्याआधी, आणि प्रत प्रत्यक्ष वाटून देण्याआधी. दुरुस्ती झाली की पुढे जाते. लेलँड हार्टवेल आणि टेड वाइनर्ट या शास्त्रज्ञांनी १९८९ साली या थांब्यांना 'चेकपॉइंट' म्हटलं. त्याआधीच्या वर्षी त्यांनी यीस्टवर दाखवलं होतं, की 'रॅड९' जनुक बिघडलेल्या पेशी किरणोत्साराने डीएनए तुटला तरी थांबत नाहीत, तशाच विभागतात आणि मरतात. त्याच पेशींना दुसऱ्या उपायाने थोपवून धरलं, तर त्यांतल्या बऱ्याच वाचतात. म्हणजे नाका अडवतो तो पेशीला वाचवण्यासाठी.

आता केमो. सिसप्लाटिनसारखी औषधं डीएनएवरच घाव घालतात. ट्यूमरची पेशी नाक्यावर थांबते, डागडुजी करते आणि तगून राहते. बऱ्याच ट्यूमरमध्ये पी५३ हे प्रथिन बिघडलेलं असल्यामुळे पहिला नाका आधीच गेलेला असतो. सगळी भिस्त दुसऱ्यावर. तो राखणाऱ्यांपैकी एक प्रथिन म्हणजे 'वी१'. (पॉल नर्स या शास्त्रज्ञाने एडिंबरात हे नाव ठेवलं. स्कॉटिश बोलीत 'वी' म्हणजे चिमुकलं, आणि हे जनुक बिघडलं की यीस्टच्या पेशी पुरेशा वाढायच्या आतच, लहान असतानाच विभागतात. इतकं बोलकं नाव क्वचितच मिळतं.) अ‍ॅडाव्होसर्टिब हे औषध 'वी१'ला निष्प्रभ करतं. मग पेशी तुटका डीएनए घेऊन विभाजनात शिरते आणि तिथेच संपते.

मराठी कानाला 'नाका बंद' किंवा 'नाकाबंदी' म्हणजे रस्ता अडवला. इथे औषध अडवणाऱ्यालाच बाजूला करतं. म्हणून 'नाका उठवणे', किंवा जरा शास्त्रीय सुरात 'नाका निकामी करणे'.

'संवेदनशील'बद्दलही माझी हरकत आहे. रुग्णाच्या हाती हे वाक्य पडलं, तर गाठ दुखरी होणार असंच त्याला वाटेल. आपल्याकडे 'ताप औषधाला दाद देईना' असं घरोघर म्हणतात. तेच क्रियापद इथे चपखल बसतं. २०२१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत प्लॅटिनमच्या (सिसप्लाटिनच्या जातीच्या) औषधांना दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगात जेमसिटाबिन या केमोच्या औषधाच्या जोडीला अ‍ॅडाव्होसर्टिब दिलं, तेव्हा रुग्ण त्यानंतर जगले त्या काळाचा मध्यक ७.२ वरून ११.४ महिन्यांवर गेला. रक्तपेशी घटण्याचा त्रासही वाढला, आणि भाषांतरात तो गाळू नये.

तेव्हा मी असं लिहीन : 'पेशीचक्रातला नाका उठवला, की ट्यूमर केमोला अधिक दाद देतो.' तक्त्याच्या मथळ्यात नाम हवंच असेल तर 'प्रतिसादक्षमता' वापरा.

'पेशीचक्रातला' हे विशेषण मात्र कधीही गाळू नका. वर्तमानपत्रांत 'चेकपॉइंट इनहिबिटर' येतं ते बहुधा निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब या कर्करोगावरच्या औषधांबद्दल, आणि जेम्स अ‍ॅलिसन व तासुकु होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं तेही त्याच वाटेच्या संशोधनासाठी. ते चेकपॉइंट रोगप्रतिकारक पेशींना आवरून धरणारे. पेशीच्या विभाजनाशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्यासाठी 'प्रतिकारशक्तीचे चेकपॉइंट' असंच लिहावं आणि 'नाका' पेशीचक्रासाठी राखून ठेवावा.