लेगो टेक्निकचा (गिअर-मोटरवाल्या लेगोचा) दांडा पिळतोय? आधी एवढं कर

भावा, उसाच्या चरकाचं मॉडेल लई भारी जमलंय, लेगोत असलं काय बघितलं की बरं वाटतं. मोटरपासून रोलरपर्यंतचा प्लास्टिकचा दांडा पिळतोय म्हणून उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधनं स्टीलचा करून आणायचं म्हणतोयस, ते मात्र आत्ता सोड, दांडा कडक झाला की प्लास्टिकचे गिअरच आधी जातात.

आधी हे बघ:

- दांड्याला गिअरच्या दोन्ही बाजूंनी बीमचा (भोकं असलेल्या पट्टीचा) आधार पाहिजे. नवीन पोरं गिअर टोकाला लोंबकळत ठेवतात, मग दांडा वाकतो आणि दाते उड्या मारतात.
- मोटरपाशीच वेग कमी करू नको, लांब दांडा फास्ट फिरू दे, त्याच्यावर जोर कमी येतो, आणि ८ दात्यांचा गिअर २४ ला लावायचा तो रोलरजवळ, तिथं जोर जवळजवळ तिप्पट मिळतो.
- बुश (दांडा सरकू नये म्हणून त्यावर बसवायची छोटी कडी) दाबून बसवू नको, हातानं सहज फिरलं पाहिजे.

मग प्रयोग कर. रोलर अडवून मोटर क्षणभरच चालू कर, लगेच बंद, नायतर तापते. दांड्याच्या कडा सरळ असतात त्यामुळं पीळ डोळ्यालाच दिसतो. तेवढ्याच जोराला निम्म्या लांबीचा दांडा निम्माच पिळतो, तेव्हा लांबी आधी कमी करून बघ, पण एका वेळी एकच बदल.