परमादेश की महादेश, आणि तो आला म्हणजे काम झालं का?

प्रश्न असा आलाय: "आमच्या काकांच्या वारस नोंदीवर हरकत आली, प्रकरण तहसीलदारांकडे कितीतरी दिवस पडून होतं. शेवटी हायकोर्टाच्या कोल्हापूर बेंचमध्ये रिट टाकली आणि ऑर्डर आली. वकिलांनी परमादेश म्हटलं, माझा एमपीएससी करणारा भाऊ म्हणतो शब्द महादेश आहे. बरोबर कुठला? आणि घरचे पेढे वाटायला निघालेत, तर नोंद झाली असं धरायचं का?"

आधी शब्दाचं बघू, ते लवकर संपेल. दोन्ही शब्द इंग्रजीतल्या मँडॅमसचे, म्हणजे अधिकाऱ्याला त्याचं काम करायला लावणारा कोर्टाचा हुकूम. भारताच्या संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद 32 आणि 226 मध्ये महादेश हाच शब्द आहे, देहोपस्थिती, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण यांच्या रांगेत, आणि या सगळ्यांना मिळून प्राधिलेख, म्हणजे रिट, म्हटलंय. परमादेश हा हिंदी पाठातला. क्लासच्या नोट्समधून आणि हिंदी पुस्तकांतून तो मराठीत आला आणि आता चांगला रुळलाय, त्यामुळे वकिलांना चूक ठरवायचं काही कारण नाही, पण परीक्षेत लिहायचं असेल तर भावाचंच ऐका. परमादेश का रुळला त्याचं मला वाटणारं कारण म्हणजे महादेश पहिल्यांदा वाचणारा माणूस तो महा आणि देश असा फोडतो, महा आणि आदेश असा नाही (बंगालीत तर महादेश म्हणजे खंडच, आशिया खंड वगैरे). परमादेशात आदेश लगेच ऐकू येतो. बोलताना मात्र कोल्हापुरात काय, सांगली-साताऱ्यात काय, लोक रिटच म्हणतात, रिट टाकली, डायरेक्शन आणलं, आणि ते अगदी बरोबर समजतं.

आता खरा मुद्दा. महा म्हणा नाहीतर परम म्हणा, दोन्ही उपसर्गांनी असं वाटतं की कोर्टाने काहीतरी फार मोठं, वरून नवं फर्मावलंय. मूळ लॅटिन मँडॅमसचा अर्थ नुसता "आम्ही हुकूम करतो" एवढाच, आणि त्या हुकमात नवं काही नसतं, कायद्याने जे काम त्या अधिकाऱ्यावर आधीच टाकलेलं आहे ते कर एवढंच असतं. फरक आपल्याच इतिहासातून दाखवतो. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी करवीर गॅझेटमध्ये 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखायचा हुकूम काढला, आणि नुसतं सांगून थांबले नाहीत, खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचं पत्रक दर तिमाहीला पाठवायचं असंही त्यातच घातलं. तो राज्यकर्त्याचा हुकूम, त्याने अधिकाऱ्यांवर आदल्या दिवसापर्यंत नसलेलं कर्तव्य तयार केलं. महादेशाने असं कर्तव्य तयार होत नाही. कर्तव्य कायद्यात किंवा नियमात आधी लिहिलेलं पाहिजे, ते नसेल तर हायकोर्ट पहिल्याच तारखेला विचारतं की तुमचा हक्क कुठल्या तरतुदीतला.

म्हणून काकांची ऑर्डर हातात घ्या आणि शेवटचा परिच्छेद सावकाश वाचा. अशा ऑर्डरी इंग्रजीत असतात पण मजकूर बहुतेक ठरलेला असतो, की प्रतिवादी अमुक यांनी अर्जदाराच्या प्रकरणावर कायद्यानुसार आणि गुणवत्तेवर (म्हणजे मूळ वादात कोणाचं बरोबर ते तपासून) इतक्या आठवड्यांत निर्णय घ्यावा, दोन्ही बाजूंना ऐकून घ्यावं, आणि आम्ही गुणवत्तेवर काही मत दिलेलं नाही, सगळे मुद्दे खुले ठेवतोय. हे शेवटचं वाक्य घरचे वाचतच नाहीत आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. "निर्णय घ्या" आणि "नोंद मंजूर करा" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तहसीलदारांनी दोघांना नोटीस काढून, ऐकून, कारणं लिहून नोंद नामंजूर केली तरी त्यांनी कोर्टाचा आदेश पूर्ण पाळला असंच होतं. नोंद मंजूर कराच असा थेट आदेश कोर्ट देऊ शकतं, नाही असं नाही, पण जिथे अधिकाऱ्याला निवड करायला जागाच उरलेली नसते, कायदा म्हणतो अमुक पूर्ण असेल तर तमुक करायचं आणि अमुक पूर्ण आहे, तिथे. जिथे पुरावा बघून ठरवायचंय, हरकत आलेली आहे, तिथे कोर्ट सहसा फक्त ठरवायला लावतं, काय ठरवायचं ते सांगत नाही.

पेपरवाले यालाच "हायकोर्टाचे निर्देश" लिहितात. सरकारी मराठीत त्यासाठी निदेश आहे, र नसलेला, पण बोलताना ते कोणी पाळत नाही आणि त्याने काही अडतही नाही. "हायकोर्टाने तहसीलदारांना फटकारलं" ही हेडलाईन मात्र मला खरंच खटकते, कारण पुष्कळदा ऑर्डरीत फटका काहीच नसतो, मुदत असते, आणि त्या माणसाला मुदतच माहीत व्हायला पाहिजे.

असा आदेश मागायचा तर आधी त्या ऑफिसकडे काम मागितलेलं आणि त्यांनी नाकारलेलं किंवा दाबून ठेवलेलं दिसायला पाहिजे. तिथे पोच उपयोगी पडते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तो जांभळा शिक्का, आवक नंबर, तारीख आणि घेणाऱ्याची सही, एवढं चौकोनातलं चार ओळींचं पण रिटला जोडायला त्याच्यासारखा कागद नाही. तोंडी "साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात या" याचा कुठलाच कागद होत नाही, म्हणून मी भेटेल त्याला सांगतो की अर्ज दोन प्रतीत न्या आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सेवा अधिसूचित (म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेली) असेल तर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात तीन अपिलं आणि 500 ते 5000 रुपये दंड आहे, आणि फाईल दाबण्याविरुद्ध 2005 चा कायदा आहे ज्याला सगळे दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. सोपा मार्ग शिल्लक असेल तर हायकोर्ट आधी तिकडे जा म्हणू शकतं.

आणि हे सगळं आता कोल्हापुरातच, सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात होतंय याचं मला फार समाधान आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. त्याआधी अडकलेल्या एका नोंदीसाठी गगनबावड्याच्या माणसाला महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची आणि तारीख पुढे गेली की परत यायचं, त्यात अर्धे लोक नादच सोडायचे. 1950 च्या आधी तर ब्रिटिश हिंदुस्थानात असा आदेश मुंबई, कलकत्ता, मद्रास या तीन हायकोर्टांपुरताच, तोही त्या शहरांच्या हद्दीत. अनुच्छेद 226 ने तो तालुक्याच्या माणसाच्या हातात दिला आणि बेंचने तो जवळ आणला.

तर काकांपुरतं सांगायचं तर पेढे थांबवा आणि कॅलेंडरवर मुदतीची तारीख लिहा. ऑर्डरची प्रमाणित प्रत तहसील ऑफिसात देऊन त्याचीही पोच घ्या. सुनावणीला वारसांचे सगळे कागद घेऊन हजर राहा. निर्णय विरुद्ध गेला तर प्रांताकडे 60 दिवसांत अपील करता येतं, आणि मुदत उलटूनही निर्णयच आला नाही तर त्याच बेंचमध्ये अवमान याचिका, पण ती एका वर्षाच्या आत टाकायला लागते.