रूट कॅनाल करून कॅप बसवली तरी दाढ दुखते. नस काढल्यावर दुखतं कसं?

तुम्ही लिहिलंय की वरच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनाल झालं, झिर्कोनियाची कॅप बसली, त्यालाही दीड महिना झाला. तरी त्या बाजूने घास चावला की कळ येते. डॉक्टर म्हणतात एक्स-रे चांगला आहे. मग नसच काढली तर दुखतंय काय, आणि दाढ काढून टाकावी का?

मी दातांचा डॉक्टर आहे. हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर ऐकतो, आणि बहुतेक वेळा 'आमचे पैसे पाण्यात गेले का' अशा सुरात. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: इतक्यात काढू नका.

आता नस. रूट कॅनालमध्ये काढतात ती दाढेच्या आतली. पण दाढेचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. दोघांच्या मध्ये तंतूंचा एक पडदा असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. त्याच्या नसा वेगळ्या, आणि त्यांना कुणी हात लावत नाही. भातात खडा आला की आपण तिथल्या तिथे थांबतो, ते या पडद्यामुळे. म्हणून रूट कॅनाल झालेल्या दाढेलाही दाब कळतो, आणि पडदा सुजला असेल तर चावताना कळ येते. गार-गरम मात्र तिला कळायला नको. गार पाण्याने शिवशिवत असेल तर बहुतेकदा शेजारचा दात बोलतोय, नाहीतर आत एखादी नस राहून गेली आहे.

म्हणून डॉक्टरांना 'दुखतं' एवढंच सांगू नका. कधी दुखतं ते सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

नुसतं चावतानाच दुखत असेल तर माझा पहिला संशय कॅपच्या उंचीवर. कॅप बसवतो तेव्हा पेशंट तोंड उघडून कंटाळलेला असतो, कधी तोंड बधिरही असतं. 'नीट बसतंय का?' विचारलं की तो हो म्हणतो, कारण त्याला घरी जायचं असतं. तपासायची पद्धत सोपी आहे. पातळ निळा कागद दातांमध्ये धरून टकटक चावायला सांगतात. बाकी दातांवर फिकट ठिपके उठतात, आणि उंच जागी मधे पांढरं आणि भोवती गडद निळं कडं असा ठिपका दिसतो. तेवढी जागा घासली की काम होतं. पण नुसतं टकटक करून भागत नाही, जबडा डावीकडे-उजवीकडे सरकवूनही बघायला लावा. काही कॅपा सरळ चावताना बरोबर आणि घास रगडताना अडणाऱ्या निघतात. 'सवय होईल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. झिर्कोनिया फार कडक असतो, तो झिजून जागेवर यायची वाट बघण्यात दाढेचे हाल होतात. आणि घासल्यावर पॉलिश करून घ्या, खरखरीत राहिलेली कॅप तिच्यावर टेकणारा खालचा दात खाते. उंचीचंच कारण असेल तर काही दिवसांत फरक पडतो.

फरक पडला नाही तर मग आत बघायचं. रूट कॅनालनंतर चार-आठ दिवस, फार तर दोनेक आठवडे हुळहुळणं चालतं. दीड महिना चालत नाही. तुमची दाढ त्यातल्या त्यात अवघड आहे. तिला मुळं तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून जास्त लोकांना दोन कॅनाल, म्हणजे नसेच्या नळ्या, असतात. दुसऱ्याचं तोंड सुईच्या टोकाएवढं, त्यावर बऱ्याचदा कॅल्शियमचा थर चढलेला. मायक्रोस्कोप किंवा निदान चांगली लूप, म्हणजे डोळ्यावरचं भिंग, लावल्याशिवाय ते सापडणं कठीण. राहून गेलं म्हणजे डॉक्टरने हयगय केली असं लगेच धरू नका. पण साध्या एक्स-रेत मुळं एकावर एक दिसतात, त्यामुळे 'एक्स-रे चांगला आहे' या वाक्यावर थांबूही नका. सीबीसीटी नावाचा स्कॅन असतो, त्यात दाढ चहूबाजूंनी दिसते. कॅनाल राहिलेला निघाला तर पुन्हा रूट कॅनाल करता येतं. त्यासाठी दरवेळी कॅप तोडावी लागत नाही, वरून भोक पाडून काम होतं.

दाढ काढायची वेळ येते ती मुळालाच उभी चीर गेली तर. तिची लक्षणं वेगळी असतात. हिरडीवर पुळी येऊन पू येतो आणि जातो, हिरडीत एकाच जागी डॉक्टरांची बारीक मोजपट्टी खोल उतरते. चावण्यापेक्षा चावून सोडताना कळ येत असेल तर दाताला चीर असण्याचा संशय घ्यावा, मग ती तुमच्याच दाढेला असो की शेजारच्या. मूळ उभं चिरलेलं असेल तर पैसे घालत बसू नये.

दोन कारणं लोक विसरतात. वरच्या दाढांच्या मुळांवरच सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी, असतो. सर्दी झालेली असेल आणि वाकून चप्पल घालताना किंवा जिना उतरताना ठणकत असेल तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. आणि कॅप व शेजारच्या दातात फट राहिली असेल तर मेथीची काडी, मटणाचा धागा रोज तिथेच अडकतो. मग दुखते हिरडी, आणि शिव्या खाते दाढ.

मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. सूज किंवा ताप नसताना त्याचा उपयोग नाही. आयब्युप्रोफेन बऱ्याच जणांना लागू पडतं, पण अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण यातलं काही असेल तर विचारल्याशिवाय नको. लवंगेचं तेल हिरडीवर चोळू नका, भाजतं. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता येईना असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

आधी त्याच डॉक्टरांकडे जा आणि निळ्या कागदाने पुन्हा तपासायला सांगा. तिथे टोलवाटोलवी झाली तर रूट कॅनालमध्ये एमडीएस केलेल्या एंडोडॉन्टिस्टना दाखवा. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबईत नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, तिकडे नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय. तिथे हा विभाग असतो आणि फी खाजगीच्या मानाने बरीच कमी. खेपा जास्त पडतात, तेवढी तयारी ठेवा. जाताना रूट कॅनालच्या आधीचा एक्स-रेही न्या, नुसता नंतरचा नको.