४१ दिवस आणि वेलदोड्यांची डबी

"ताई, मी इचलकरंजीत यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे. वय ४६. बाविसाव्या वर्षापासून ओढतोय. आधी विडी, मग सिगारेट, दिवसाला चौदा-पंधरा. थोरल्या मुलीचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी सोडली. खोकला वाढला, झोप उडाली, घरात सगळ्यांवर खेकसलो, पण ४१ दिवस शिवलो नाही. मग चुलत्यांच्या मयतीला गेलो आणि स्मशानात बाकीच्यांबरोबर ओढली. एक नाही, तीन. तेव्हापासून रोज दोन होतात. खिशात पाकीट सापडायला नको म्हणून टपरीवरून सुट्टी घेतो, वर वेलदोडा चघळतो. मुलगी गल्लीभर सांगत फिरते, पप्पांनी सोडली म्हणून. बायकोला खरं सांगू, की गुपचूप परत सोडून टाकू? निकोटिनचं च्युइंगम आणून बघितलं, नुसती छातीत जळजळ."

भाऊ, बायकोला सांगा. आजच, जेवणं झाल्यावर, आणि दोन वाक्यांत. मयतीपासून सुरुवात करून लांबण लावू नका.

तिला माहीत असणार, हेही धरून चाला. आमच्या ह्यांनी चौथ्या खेपेला सोडली. त्याआधी तीनदा बडीशेप चघळत घरात शिरायचे. शर्ट भिजवायला घेतला की कॉलरला तो वास यायचाच. मी बोलायचे नाही, कारण बोललं की भांडण, आणि भांडण झालं की हे परत टपरीवर. वर्षभर आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. गुपचूप सोडलेली गुपचूप परत धरताही येते, विचारणारं कुणी नसतं. म्हणून सांगा.

आता त्या ४१ दिवसांचं. ते पाण्यात गेले असं तुम्हाला वाटतंय, पत्राच्या अक्षरातच ते दिसतं. शरीराची ओढ पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत वाईट असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. तो घाट तुम्ही चढून आला होता. स्मशानात तुम्हाला धरलं ते रिकाम्या हातांनी. चिता पेटल्यावर तास-दीड तास नुसतं उभं राहायचं असतं, बोलायला काही सुचत नाही, आणि कुणीतरी पाकीट पुढं करतो. अशा वेळी नको म्हणणं म्हणजे त्या माणसाचा हात झिडकारल्यासारखं वाटतं. पुढच्या वेळी दोन्ही हात गुंतवून ठेवा. लाकडं द्या, पाण्याची कळशी धरा, म्हाताऱ्या माणसाला आधार देऊन बाजूला बसवा.

कारखान्यातही तेच असणार. मागाजवळ सूत आणि उडणारा कापूस, तिथं काडी ओढता येत नाही, म्हणून ओढायला बाहेर यायचं. म्हणजे चोवीस वर्षं ती खडखड पाच मिनिटं कानाआड करायची परवानगी तुम्हाला सिगारेटनं दिली. नुसतं बाहेर उभं राहिलं तर मुकादम विचारणार, काय झालं? हातात पेटती असली की कुणी विचारत नाही. सिगारेट सोडताना तुम्ही ती पाच मिनिटंही सोडून दिलीत का? मला तशी शंका आहे, आणि घरातलं खेकसणं निम्मं तिथूनच आलं असेल. पाच मिनिटं परत घ्या. त्याच वेळेला बाहेर या, तोंडावर पाणी मारा, टपरीच्या उलट्या दिशेला चालून या. तल्लफ तीन ते पाच मिनिटांत उतरते. दुसऱ्या मागावरचा सोबती म्हणेल, "सिगारेट नको तर मावा घे". त्याला मात्र हात जोडा. आगीतून फुफाट्यात जाण्यातला प्रकार तो.

झोपेचं कारण तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर निघून जातं. सिगारेट थांबली की तोच चहा जास्त वेळ अंगात राहतो. पाळीला सहा कप पीत असाल, तर सोडल्यावर ते अंगाला आठ-दहासारखे लागतात. धडधड, चिडचिड, रात्री टक्क डोळे. आपण म्हणतो, सिगारेटविना मला सोसत नाही. चहा निम्मा करा, दुपारनंतर शक्यतो नकोच.

खोकल्याचं असं, की श्वासनळीतली बारीक केसं धुरानं मलूल झालेली असतात. धूर थांबला की ती कामाला लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. काही आठवड्यांत कमी होतो. पण तुमच्या छातीत चोवीस वर्षांच्या धुराबरोबर कापसाची धूळही आहे, तेव्हा एवढ्यावर भागवू नका. नळीत फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजतात ती तपासणी करून घ्या. थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन आपोआप उतरायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

च्युइंगम तुम्ही साध्या च्युइंगमसारखं चावलंत, हो ना? मग निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं आणि जळजळ होते. सावकाश चावायचं, तोंडात चुणचुण झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुणचुण गेली की परत दोन-चारदा चावायचं. असं अर्धा तास. आणि त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा नाही, कारण त्यानं निकोटिन नीट शोषलं जात नाही. तुमचं चहाबरोबर चाललं होतं, अशी माझी पैज. सकाळी उठल्या उठल्या पहिली लागायची असेल तर २ मिलिग्रॅमचं कमी पडतं, ४ चं घ्यायचं का ते डॉक्टरांना विचारा. गोळ्याही असतात, त्या त्यांच्याच सल्ल्यानं.

सुट्ट्या सिगारेटवर महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, टपरीवाला देतो ती गोष्ट वेगळी. पण सुट्टी घेण्यात तुमचं एक नुकसान झालं. पाकिटावर तंबाखू सोडण्यासाठी मदतीचा फुकट क्रमांक छापलेला असतो, १८००-११-२३५६. तो तुमच्या हातात कधी आलाच नाही. लावा. पलीकडचा माणूस उपदेश करत नाही, सोडायची तारीख ठरवून देतो आणि नंतर चौकशीला स्वतः फोन करतो.

आणि रोजच्या दोन दोनवर थांबत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. या आठवड्यातलाच एक दिवस धरा.

राहिली मुलगी. तिला बायकोच्या आधी सांगू नका, पण सांगा. ती दहावी झालेली आहे, आकडे तिला कळतात. ४१ दिवस, मग चूक, मग परत पहिला दिवस. गल्लीला काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल. आणि वेलदोड्यांची डबी बायकोच्या हातात द्या, शिऱ्यात घालायला तरी होतील.