अ‍ॅरिझोनातल्या टुसॉनजवळच्या माउंट लेमनच्या रस्त्यावर खरंच काही बघण्यासारखं आहे, की नुसतं वर जाऊन कुकी खायची?

कुकीचं नाव काढलंत म्हणून लिहितोय, एरवी मी इथे फक्त वाचतो.

आमचे साडू जुलैत पुण्याहून आले होते. त्यांनीही डोंगरावरच्या समरहेवन गावातल्या त्या भल्यामोठ्या कुकीज कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेल्या. पायथ्याशी सग्वारो निवडुंग दिसले म्हणून मी गाडी बाजूला घेऊ लागलो, तर म्हणाले, "आधी वर जाऊ हो, उतरताना बघू सगळं." पाहुणा माणूस, त्यात साडू. गेलो. वर पोचेपर्यंत बाकरवडीचं पाकीट फुगून टम्म झालं, गाडीतला आकडा 104 वरून 79 वर आला (फॅरेनहाइट), कुकी खाऊन झाली आणि आभाळ भरून आलं. उतरताना विंडी पॉइंट या वाटेतल्या थांब्यावर इतक्या विजा, की गाडीतून उतरायची सोय नाही. दिवाळीत त्यांनी झाडून सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, "लेमनवर काही नाही, एक बेकरी आहे."

काही नाही कसं? सत्तावीसेक मैलांत तुम्ही वाळवंटातून फर आणि अ‍ॅस्पेनच्या जंगलात पोचता. बघायचं ते हेच. चार हजार फुटांच्या आसपास सग्वारो संपतात, या वळणाला आहेत आणि पुढच्याला नाहीत. मग ओक, मग पाइन. जिच्या नावाने हा डोंगर आहे ती सारा लेमन वनस्पतींची अभ्यासक होती. 1881 मध्ये ती वर चढली ती झाडं बघायला, कुकी खायला नाही.

सातव्या मैलाजवळ गॉर्डन हिराबायाशींच्या नावाचं कॅम्पग्राउंड आहे, तिथे थांबाच. हा रस्ता कैद्यांनी बांधलाय, 1933 ते 1950, आणि त्यांचा तळ इथे होता. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांवर लादलेली संचारबंदी हिराबायाशींनी मोडली, 1943 मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. इथल्या तुरुंगापर्यंत न्यायला सरकार खर्च करेना, तर हा पठ्ठ्या लिफ्ट मागत मागत स्वतःच टुसॉनला येऊन हजर झाला! 1987 मध्ये कोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली. आता तिथे जोती आणि पडक्या भिंती उरल्यात. साडू म्हणाले होते, "जेल काय बघायचं?"

चौदाव्या मैलाला विंडी पॉइंट. कठड्यापाशी नाइस (gneiss) नावाच्या खडकातले काळे-पांढरे पट्टे अगदी जवळून बघा, टुसॉनचा फोटो नंतर काढा. पुढे दगडांचे सुळके आहेत, रोझ कॅन्यनचं तळं आहे, ठीक आहे. वरचं समरहेवन 2003 च्या वणव्यात बरंचसं जळालं, त्यामुळे जुनं टुमदार गाव वगैरे डोक्यात ठेवून जाऊ नका.

कुकी चांगली असते, ते नाकारत नाही. पण चढतानाच थांबत जा. सोबत "उतरताना बघू"वाला कोणी असेल तर त्याला मागच्या सीटवर बसवा.

हो, जुलै ते सप्टेंबर असेल तर सकाळी लवकर निघा, दुपारी वादळं येतात. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद असू शकतो, निघण्याआधी चौकशी करा. आणि पेट्रोल टुसॉनमध्येच भरा, वाटेत पंप नाही.