सुपरचार्जर गळतोय? आधी पांढरा टिश्यू घे

२००२ ची पॉन्टिॲक ग्राँ प्री जीटीपी, दीड लाख मैल झालेली, सुपरचार्जरच्या (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंपाच्या) नाकाखाली, म्हणजे पुलीकडच्या पुढच्या टोकाखाली, ओघळ, असा फोटो तू टाकलायस. गॅरेजवाला म्हणतो अख्खं युनिट बदला, आणि तुझ्याकडे आहे सॉकेटचा एक सेट, मिशिगनमधलं एक थंडगार गॅरेज आणि दोन वीकेंड. नवख्याने घरी हात घालावा का, असं विचारलंयस. घाल. फक्त कुठे थांबायचं ते पहिला बोल्ट सैल करायच्या आधी ठरव.

तुझ्या ३.८ लिटरच्या व्ही-६ वर ईटनचा एम९० बसलाय. एका फेऱ्यात ९० घन इंच, म्हणजे जवळपास दीड लिटर हवा ढकलतो, म्हणून ९०. आतले दोन पिळदार रोटर इंजिनाच्या दुपटीच्या आसपास वेगाने फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे त्यांना तेल लागत नाही. तेल असतं पुढच्या नाकाच्या बाजूला, रोटरची लय सांभाळणाऱ्या दोन गिअरांसाठी. इंजिन ऑइलशी त्याचा काही संबंध नाही. स्वतःचा वेगळा साठा, साधारण १२० मिली, दोन कटिंग चहाइतका, आणि डिपस्टिक नाही. त्यामुळे थेंबथेंब गळत राहतं, कुणाला पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा गिअर ओरडायला लागलेले असतात.

आता टिश्यू. इंजिन गार असताना ओघळावर पांढरा टिश्यू दाब, उजेडात धर आणि वास घे. नारिंगी आणि गोडसर वासाचं असेल तर ते तेल नाहीच, कूलंट आहे. या इंजिनात आल्टरनेटर आणि टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) यांच्या ब्रॅकेटमागे कूलंटचे दोन प्लास्टिकचे एल्बो, म्हणजे कोपरासारखे वाकडे जोड, आहेत. उष्णतेने ते बिस्किटासारखे ठिसूळ होतात आणि बाहेर काढताना तुकडे हातात येतात. गळती दिसते नेमकी सुपरचार्जरखाली, आणि शिव्या खातो सुपरचार्जर. धातूचे एल्बो मिळतात, स्वस्त आहेत, तेच घाल.

काळपट आणि जळक्या तेलाचा वास असेल तर इंजिन ऑइल, बहुधा व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून. हे हसण्यावारी नेऊ नकोस. पुढच्या व्हॉल्व्ह कव्हरमधून तेल गरम एक्झॉस्टवर पडून आग लागण्याचा धोका आहे म्हणून २००८ मध्ये याच सुपरचार्जरवाल्या गाड्या परत बोलावल्या होत्या. तुझ्या गाडीचा व्हिन, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, जीएमच्या (पॉन्टिॲक बनवणाऱ्या कंपनीच्या) डीलरला देऊन विचार; एनएचटीएसए या अमेरिकी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर इतकं जुनं काम दिसेलच असं नाही. तुझ्या आधीच्या मालकाने ते काम करून घेतलंय की नाही, हे कळेल.

डाग मधासारखा, वास नाकात बसणारा (एकदा घेतलास की विसरणार नाहीस), आणि पुलीच्या रेषेत ब्रॅकेटवर गोल शिंतोडे उडालेले? मग ती नाकाच्या सीलची गळती. तरी खात्री कर. सगळं ब्रेक क्लीनरने धू, वाळू दे, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुर, वीस मिनिटं गाडी फिरवून आण. पावडर जिथे आधी ओली होते तिथे गळती.

तेल आत, रोटरांकडे गेलं तर गोष्ट वेगळी. थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणाऱ्या झडपेचा भाग) काढून आत बघ. तेलकट पातळ थर दिसला तर घाबरू नकोस, तो इंजिनाच्या श्वासातून, म्हणजे परत आत ओढल्या जाणाऱ्या तेलकट वाफेतून, येतो, सगळ्यांकडे असतो. पण तळाशी तेल साचलंय आणि मागून निळा धूर येतोय, तर आतली सील गेली. ते घरचं काम नाही, तिथे गॅरेजवाला बरोबर आहे.

नाकाचीच गळती ठरली तर माझी पद्धत सांगतो. गाडीतल्या गाडीत नाक सोडवणारे लोक आहेत, मी सुपरचार्जर बाहेर काढून टेबलावर काम करतो, कारण माझी पाठ पन्नाशीची आहे. बॅटरीचं निगेटिव्ह काढ. फ्युएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) वाटेत येते, तिच्यावर टायरसारखा व्हॉल्व्ह आहे. गार इंजिनावर, त्याच्याभोवती चिंधी धरून दाब सोड, आणि त्या दिवशी गॅरेजमध्ये हीटर लावू नकोस. सुपरचार्जर निघाला की खालची उघडी भोकं चिंध्यांनी बंद कर आणि चिंध्या मोजून ठेव. पाच घातल्यास तर पाचच बाहेर आल्या पाहिजेत.

नाकाचे बोल्ट काढल्यावरही नाक सुटत नाही. सीलंटने धरलेलं असतं आणि आत डॉवेल, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या खुंट्या, असतात. रबरी हातोडीने कडेकडेने ठोक. स्क्रू ड्रायव्हर फटीत घालू नकोस. मी पहिल्यांदा घातला होता. ॲल्युमिनियमवर नखाएवढी खाच पडली, आणि सील नवं असूनही पुढची दोन वर्षं त्याच खाचेतून तेल झिरपत होतं. बायको म्हणायची, दुरुस्तीआधी कमी गळत होतं. खरंच होतं.

नाक हातात आलं की आतला प्लास्टिकचा कपलर बघ. पुलीचा शाफ्ट आणि गिअर यांना जोडणारा तो तुकडा. त्याची भोकं लांबट झालेली असतील तर गाडी उभी आणि इंजिन चालू असताना गोट्या खुळखुळल्यासारखा आवाज येत असणार. इथवर आलाच आहेस तर नवा घाल.

आणि इथे थांब. सील बदलायला पुली आणि शाफ्ट निघावे लागतात आणि दोन्ही दाबून बसवलेले असतात. पुली हातोडीने काढता येते, पण बेअरिंग त्यात मरतं. नुसतं नाक पिशवीत घालून मशीन शॉपमध्ये ने, ते प्रेसवर करतील. किंवा दुरुस्त केलेलं नाकच विकत घे. नेण्याआधी पुलीची कड नाकाच्या टोकापासून किती अंतरावर आहे ते कॅलिपरने मोज आणि कागदावर लिहून त्यांच्या हातात दे. पुली थोडी जरी आत-बाहेर बसली तरी पट्टा कडेने झिजतो.

परत बसवताना दोन्ही पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीने साफ कर. सीलंटची बारीक रेघ पुरे, कारण जास्तीचं पिळून आतच पडतं. बोल्ट आमनेसामने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळू देणाऱ्या पान्याने) आवळ. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की मग खरा खर्च सुरू होतो.

तेल सुपरचार्जरचंच, छोट्या बाटलीत मिळतं ते. घरात उरलेलं इंजिन ऑइल चालत नाही. गाडी सपाट जागेवर आणि इंजिन पूर्ण गार असताना, भोकाच्या आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत भर, वर नाही. बाटलीत थोडं उरलं म्हणून तेही ओतून टाकायचा मोह होतो. गरम झाल्यावर त्याला फुगायला जागा राहत नाही, आणि नव्या सीलमधून वाट काढतं.

पहिले काही दिवस ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नकोस. रात्री नाकाखाली पुठ्ठा ठेव, सकाळी बघ. आठवड्याने गार इंजिनावर पातळी पुन्हा एकदा तपास. तोवर डागाचा फोटो टाक, दिवसाच्या उजेडात काढलेला. तुझ्या पहिल्या फोटोत फ्लॅशमुळे सगळंच पिवळं दिसतंय.