टँकरवर बसायच्या आधी

गड्या, हेवी लायसन हाये म्हणून थेट पेट्रोलच्या टँकरवर बसू नको. आधी तीन दिवसांचं धोकादायक मालाचं ट्रेनिंग कर अन् आरटीओत लायसनवर तशी नोंद करून घे. आता ती ३ वर्षं चालते. तारीख तूच ध्यानात ठेव, मालक ठेवत नसतो.

खरी गोम टँकरवरच्या धोक्याच्या पाटीत हाये. दोन्ही बाजूंना अन् मागं, अशा तीन जागी पाटी लागते. तिच्यावर आत कोणता माल हाये ते सांगणारा आकडा असतो: पेट्रोलला १२०३, डिझेलला १२०२. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून आज पेट्रोल, उद्या डिझेल भरलं की आकडा बदललाच पाहिजे. जालन्याच्या बायपासला गाडी कलंडली तर अग्निशमनवाले लांबून तोच आकडा वाचून ठरवतात काय मारायचं. म्हणून मुक्कामाला चिखल पुसत जा. त्यावर ‘आई तुळजाभवानी’चं स्टिकर तर बिलकुल नको, ते काचेवर लाव. पाटीवर लिहिलेला मदतीचा फोन नंबर लागतो का, एकदा लावून बघ.

ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेला कागद, केबिनमध्येच पाहिजे, अन् तुला वाचता येईल अशा भाषेत.

हां, रिकाम्या टँकरजवळ बिडी नको. आत वाफ असते, मे महिन्यात तर जास्तच.